फक्कीनं आखलेलं घर

पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. पण मी तिथे होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि माझा दादाही होता. भुताखेतांची आजवर मी टिंगलच करत आले.

गेल्या हिवाळ्यातली रविवारची संध्याकाळ. जागा म्हणजे आमच्या शहरातलं नवं स्टेडियम.

एका मोठ्या स्पर्धेसाठी ते बांधलं, आणि त्यापायी आमची अख्खी गल्ली पाडली होती. स्पर्धा संपली की मैदानाच्या जागेवर आम्हाला परत घरं बांधून देणार, असं ठरलं होतं. दादा नगररचनाकार. स्पर्धेनंतर स्टेडियमचं काय करायचं, तो आराखडा त्याच्याकडेच होता. आईला तो सारखा सांगायचा, "थोडी कळ काढ. तुझ्याच जागेवर तुला घर देतो."

आई तात्पुरत्या खोलीत वाट बघतच गेली. शेवटपर्यंत एकच विचारत होती, "घरी कधी जायचं रे?"

स्पर्धा संपली होती. त्या दिवशी दादानं मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं घरं आखली होती. अगदी खऱ्या मापाची. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, रेघांमधून चालून बघितलं की कळतो. सकाळी जुने शेजारी बघायला येणार होते, आणि मग मंजुरीची बैठक.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा कामगार गेले होते. हा एकटाच वाकून शेवटचं घर आखत होता. आमचं.

"बस कर की आता! डोळे बघ कसे झालेत," मी खेकसले.

"झालंच गं."

आम्ही पायरीवर टेकलो. अंधारून आलं होतं. एवढ्या मोठ्या जागेत चिटपाखरू नव्हतं.

आणि...

खर्र... खर्र...

चपला घासत कुणीतरी चालत होतं.

"वॉचमन असेल," मी म्हटलं.

पण वॉचमन लांब फाटकापाशी खुर्चीत बसलेला दिसत होता.

खर्र... खर्र...

आवाज आमच्या घराच्या रेघेला धरून चालला होता. बाहेरच्या अंगानं. कोपऱ्यावर थांबायचा... पुन्हा सुरू व्हायचा. गवत मात्र जराही हलत नव्हतं.

गुडघा दुखायचा म्हणून आई एक पाय अस्साच ओढायची.

मी दादाचा हात धरला.

"अशी गोल गोल का फिरतेय रे ती?" मी कुजबुजले. "आत का जात नाही?"

दादानं रेघांवरून नजर फिरवली. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, दार! मी दारच सोडलं नाही!"

रेघ तुटते तिथे दार, अशी त्यांची आखणीची रीत. आणि या बाबानं दमून चारही बाजू सलग ओढल्या होत्या. स्वतःच्याच घराच्या!

तो धावत सुटला. गुडघ्यांवर बसून तळहातांनी फक्की पुसायला लागला.

"ये आई... ये गं. चुकलं माझं."

आवाज त्याच्या शेजारी येऊन थांबला.

मग... आत गेला.

"हुश्श..."

आम्ही दोघांनी ऐकलं. बाहेरून येऊन टेकताना आई असंच म्हणायची.

त्यानंतर काही नाही. आम्ही तिथेच ओक्साबोक्शी रडलो. मला वाटलं, चला, पोचली एकदाची बिचारी.

बैठकीत घरं रद्द झाली. मैदान कार्यक्रमांसाठी मोकळं ठेवण्यातच शहराचं भलं आहे म्हणे! मेल्यांची जीभ कशी झडली नाही, कोण जाणे. त्याच दुपारी पाणी मारून सगळ्या रेघा धुऊन टाकल्या.

परवा तिथे गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला. आम्ही वरच्या पायऱ्यांवरून बघत होतो. खाली मुंगी शिरायला जागा नव्हती.

फक्त एका ठिकाणी... आमचं घर आखलं होतं तेवढीच जागा मोकळी.

कुणी अडवत नव्हतं. लोक तिथवर यायचे आणि नकळत वळसा घालून पुढे जायचे.

"या गोंगाटात तिला झोप कशी लागत असेल गं?" दादा म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते.

आम्हीच तिला आत घेतलं. आता तिथे घर नाही, कधी होणारही नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?