आत्या चुकत नाही

आत्याने उभं आयुष्य माणसांना रान दाखवण्यात घालवलं. गावाबाहेरून तळ्यापर्यंत पायवाट, आणि वाटेवर जे जे उडतं, सरपटतं, पळतं ते सगळं. आता तिच्या डोळ्यांवर साय धरली होती. माझ्या आतेभावाने फर्मान काढलं: बास झालं, आईने यापुढे उंबरठा ओलांडायचा नाही.

माझं डोकं फिरलं. म्हातारपण हा काय गुन्हा आहे, माणसाला कोंडायला?

"तळ्यापर्यंत चल आमच्याबरोबर," मी त्याला तोंडावर सांगितलं. "वाटेवर काय काय आहे ते ती सांगेल. एकदा जरी चुकली तर खुशाल कुलूप लाव. नाही चुकली तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"लागली पैज!" गळ्यात दुर्बीण अडकवून तो निघाला.

ऊन रणरणत होतं. वाळकं गवत पायाखाली कुरकुरत होतं. आत्या काठी टेकत पुढे, आम्ही मागे.

"खडकावर घोरपड आहे. शेपूट तुटकी."

आतेभावाने दुर्बीण लावली. "आई, खडक मोकळा आहे. तापल्या तव्यासारखा."

पण आम्ही जवळ पोचतो न पोचतो तोच फटीतून घोरपड वर आली आणि उन्हात पसरली. शेपूट अर्धीच.

"घाल ती दुर्बीण चुलीत," मी म्हणालो. आत्या खुदकन हसली.

पुढे कुंपणापाशी ती म्हणाली, "ससा. कान फाटलेला." कुंपण रिकामं होतं. आम्ही थांबलो. मग काटे हलले आणि ससा बाहेर आला. कान फाटलेला.

मी यंत्रं दुरुस्त करतो. आवाजावरून बिघाड ओळखतो. आत्याचंही तसंच असणार, मी मनाशी म्हटलं. कानाने ऐकत असेल, नाकाने हुंगत असेल. पण फाटका कान ऐकू कसा येतो? तो विचार मी झटकून टाकला. छाती अशी फुगली होती की विचाराला जागाच नव्हती.

तळ्यावर ती पाण्याकडे पाठ करून बसली.

"वठलेल्या खुंटावर खंड्या बसलाय. चोचीत मासा."

खुंटावर कुणी नव्हतं. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. खंड्या पलीकडून आला, पाण्यात सूर मारला, वर आला आणि खुंटावर बसला.

मासा चोचीत तडफडत होता. ती बोलली तेव्हा तो पाण्यातच होता.

"जिंकलीस, आई," आतेभाऊ म्हणाला.

"मग? आत्या कुणाची!" मी ओरडलो. आवाज तळ्यावरून परत आला नाही.

परतताना दरडीखालच्या अरुंद वाटेशी आत्या थांबली.

"पुढे दोघं चाललेत. घराकडे."

वाट मोकळी होती.

"कोण दोघं?"

"काठीवाली बाई आहे. मीच ती. आणि हा, मला धरून." तिने लेकाचा दंड चाचपला. "माझ्या खांद्यावर चौकटीचा शर्ट आहे. कुणी बोलत नाहीये."

चौकटीचा शर्ट माझ्या अंगात होता. आणि आम्ही होतो तिघं.

आतेभाऊ माझ्याकडे वळला. "दमलीय ती. ऊन लागलंय. चुकली असेल." मग अगदी हळू, "सांग ना रे तिला, चुकलीस म्हणून. मी नाही लावणार कुलूप. शपथ."

आत्याने तोंड माझ्याकडे केलं. सायीमागचे ते डोळे. ती वाट बघत होती.

कुलूप नसतं लागलं कदाचित. पण त्यानंतर ती स्वतःच घराबाहेर पडली नसती. मी ओळखतो तिला.

"आत्या चुकत नाही," मी म्हणालो.

तिची मान ताठ झाली. अशी ताठ मी लहानपणी बघितली होती, ती सगळ्यांच्या पुढे चालायची तेव्हा.

आम्ही दरडीखाली शिरलो. वरून थोडी माती सांडली.

"थंडी वाजतेय रे," आत्या म्हणाली. त्या उन्हात.

मी शर्ट काढायला लागलो. तिने खांदा आधीच पुढे केला होता.