उस्तादांच्या पुसलेल्या नोंदी

जलशुद्धीकरण केंद्राच्या संगणकावरून उस्तादांच्या नोंदी पुन्हा गायब झाल्या.

उस्ताद तिथले सर्वांत जुने यंत्रचालक. बायकोची नजर अधू होत चालली होती. तिला घेऊन मुलीकडे कायमचं जायचं होतं. पण डोक्यातलं सगळं संगणकात उतरवल्याशिवाय साहेब त्यांना सोडायला तयार नव्हते. नोंदी पुसताना वापरलेला पासवर्ड उस्तादांचाच निघाला. स्वतःची किंमत टिकवायला म्हातारा खेळ करतोय, असं म्हणत साहेबांनी तपासनीस बाईंना बोलावलं.

जमिनीखालच्या, बिनखिडकीच्या नियंत्रण कक्षात चौकशी सुरू झाली. उस्तादांना टाइप करता येत नव्हतं. ते सांगत, त्यांची सहायिका टाइप करी. पासवर्ड तिला, साहेबांना आणि संगणक सांभाळणाऱ्यालाही ठाऊक होता.

"नोंदी वाचून तू पंप चालवून पाहिलास?" बाईंनी सहायिकेला विचारलं.

"नाही. त्या आधीच पुसल्या जायच्या. मला त्यातलं काही येत नाही."

बाई उस्तादांशी हलक्या आवाजात काही बोलल्या. मग त्यांना वर पाठवून दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने भोंगा वाजला. पंप बंद पडला होता. साहेब नुसतेच उभे राहिले. सहायिका धावली, एक झडप बंद केली, दुसरी उघडली, दाबाचा काटा स्थिर होईपर्यंत थांबली आणि राखीव जोडपंप सुरू केला.

बाईंनी उस्तादांना परत बोलावलं.

"पंप मीच यांना वरून बंद करायला सांगितला होता," त्या सहायिकेला म्हणाल्या. "किंमत टिकवायची असती तर उस्तादांनी तुला हे शिकवलंच नसतं. साहेबांना तर नोंदी हव्याच होत्या, आणि संगणकवाल्याला त्या पुसून काही मिळणार नव्हतं. येत असून येत नाही म्हणणारी एकटी तूच."

ती खाली बसली.

"मुलीच्या लग्नातून यांना उठवून आणलं होतं. ज्याला येतं त्याला इथून सोडत नाहीत. हे गेले की माझी पाळी."

"मला सांगायचंस, बाळ," उस्ताद एवढंच म्हणाले.

पंप चालवणारी मिळाल्यावर साहेबांनी उस्तादांना त्याच दिवशी नोकरीतून मोकळं केलं. सहायिकेने चूक कबूल करून राजीनामा लिहिला. साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही.

"तू गेलीस तर पंप चालवणार कोण?" म्हणत त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला.