हलकं झालेलं खोकं

टपालाची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा मार्लिस ट्वेट अंगणात डेलियाचे कंद उकरत होती. जमीन गोठायच्या आत ते तळघरात गेले नाहीत तर वर्षभराची मेहनत कुजून जाते. टपालवाल्यानं खोकं पायरीवर ठेवलं, भोंगा वाजवला आणि तो पुढच्या शेताकडे निघून गेला. मार्लिसनं मातीचे हात पँटला पुसले, खोकं उचललं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. आत काहीतरी गडगडलं होतं.

"फुटकं आलं ना?" स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या नवऱ्यानं, ऑरिननं विचारलं.

"अजून उघडलं कुठंय!"

"तुझ्या तोंडाकडं बघून सांगतो. माझी आई मेली तेव्हासुद्धा तू एवढं वाईट तोंड केलं नव्हतंस."

"तुझी आई नीट बांधलेली होती," मार्लिस म्हणाली आणि सुरी शोधायला आत गेली.

आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात, डेकोरा गावाबाहेर त्यांचं घर होतं. घर जुनं, त्यातलं स्वयंपाकघरही त्याच काळातलं. नोकरी सुटल्यावर मार्लिसला त्या काळची विजेवरची भांडी जमवायचा नाद लागला. ती इंटरनेटवर शोधायची, मागवायची, घासूनपुसून चालू करायची. ऑरिन वायर बदलून द्यायचा आणि टोमणे मारायचा.

खोक्यात कॉफीची विजेवरची किटली होती. पोट गोल, झाकणावर काचेची मूठ, क्रोमची झिलई आरशासारखी. फोटोत अशी देखणी दिसली होती की मार्लिस हरखून गेली होती. आता काचेची मूठ फुटलेली होती, किटलीच्या पोटाला तीन ठिकाणी मार लागला होता आणि सगळ्या खोक्यात पॅकिंग म्हणून वर्तमानपत्राचे दोन बोळे.

"दोन बोळे!" ती संतापानं म्हणाली. "अंडं पाठवायचं असतं तरी माणूस चार घालतो."

ऑरिननं किटली खिडकीपाशी नेली. "इकडं ये. हे बघ."

मार्लिसनं उभी हयात मालवाहतुकीच्या कंपनीत काढली होती. मोडका माल आला की तो पाहून मार कुठून बसला, कशाचा बसला, चूक कुणाची, हे ठरवणं हेच तिचं काम. तिनं किटलीच्या पोटावरून अंगठा फिरवला. पोचा पडला की पत्रा आत जातो. इथं तिन्ही ठिकाणी पत्रा बाहेर आला होता. टेंगळं आली होती.

"आत पाणी राहिलं असेल," ती म्हणाली. "गोठलं, फुगलं."

"आत तर ठणठणीत कोरडं आहे."

"उडून गेलं असेल मग. मला काय विचारतोस?"

तिनं विकणाऱ्या बाईला खरमरीत निरोप लिहिला आणि तिच्या दुकानाला सगळ्यांना दिसेल असा पाचांपैकी एकच तारा दिला. ऑरिननं टेंगळं लाकडी हातोडीनं हळूहळू आत बसवली, व्हिनेगर उकळून किटली धुतली आणि त्याच संध्याकाळी कॉफी केली. मार्लिसनं पित्तामुळं कॉफी कधीच सोडली होती. ऑरिननं एक कप प्याला, मग दुसरा. मग सगळी किटली रिकामी केली.

"अशी कॉफी जन्मात प्यायलो नाही," तो म्हणाला. "भूकच लागली बघ."

विकणारीचं उत्तर आलं. बाईंचं नाव आर्डिस झास्ट्रो, मिसिसिपी नदीच्या पलीकडे, विस्कॉन्सिनमधल्या व्हिरोक्वा गावची. उत्तरात शब्द थोडेच होते. खाली फोटो होता. फोटोत तीच किटली तीन पदरी लोकरी कांबळ्यात गुंडाळलेली, भोवती बुडबुड्यांचं प्लास्टिक, वरून फोमचे तुकडे ठासून भरलेले. 'माझी पॅकिंग ही अशी असते,' बाईंनी लिहिलं होतं. 'कांबळं तुम्ही ठेवून घेतलंत, त्याबद्दल मी काही बोलले नव्हते.'

"चोर ठरवते मला!" मार्लिस म्हणाली. ऑरिन तेव्हा पावाचा चौथा तुकडा कापत होता.

मार्लिसनं त्याच बाईंकडून तीन वस्तू मागवल्या होत्या; दुसरीचं पार्सल तोवर निघालंही होतं. त्यात अख्खी टर्की मावेल असं भाजायचं मोठं भांडं होतं. पांढरं इनॅमल, जड झाकण, विजेवर चालणारं. या वेळी मार्लिसनं घाई केली नाही. खोकं चारी बाजूंनी तपासलं. कुठं चेपलेलं नाही, ओलं नाही, टेप जशीच्या तशी. खोक्यावर छापलेलं वजन तिनं वाचलं आणि खोकं न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवलं. काट्यावर वजन पुष्कळ कमी भरलं. उशी भरून पिसं नव्हेत, चांगलं शेळीचं करडू भरेल एवढं कमी.

टेप कापली. भांड्याचं झाकण मधोमध वर उचललं गेलं होतं, हॅटसारखं. कडी तुटलेली. पॅकिंग म्हणून तळाशी फोमचा एक तुकडा, बोटाएवढा. आणि खोक्याचा पुठ्ठा आतल्या बाजूनं पातळ झाला होता. गुळगुळीत, कुणी चाटून चाटून झिजवावा तसा.

मार्लिसनं पुठ्ठ्यावर ठेवलेला हात पटकन उचलला आणि साबणानं धुतला. मग फोन लावला.

"तुमचं भांडंही मोडून आलं," ती म्हणाली. "आणि खोकं रिकामं आहे."

पलीकडून आर्डिस झास्ट्रो म्हणाली, "त्यात मी दोन रजया घातल्या होत्या हो. माझ्या स्वतःच्या. तुमच्या त्या एका ताऱ्यानंतर." तिचा आवाज चिडका राहिला नव्हता. "तुम्ही असं करा, इकडं या. वॉफल भाजायचा साचा राहिलाय ना तुमचा? तुमच्या डोळ्यांदेखत बांधते. तुमच्या हातानं घेऊन जा. मग तरी टपालाचं नाव निघणार नाही, माझंही नाही."

मार्लिस सकाळी निघाली. मका कापून झालेली रानं भुंडी पडली होती. नदीवरचा पूल ओलांडताना पाण्यावर पांढऱ्या हंसांचे थवे बसलेले दिसले. ऑरिन बरोबर येणार होता. पण पोट जड वाटतंय म्हणून राहिला. जड कसं वाटेल, मार्लिसच्या मनात आलं, त्याचा सदरा तर खांद्यावर लोंबतोय.

आर्डिस झास्ट्रो ठेंगणी, चष्म्याची, तिच्याच वयाची निघाली. गाडीच्या गॅरेजात तिनं दुकान मांडलं होतं; फळ्यांवर टोस्टर, मिक्सर, बर्फ फोडायची यंत्रं.

"तुम्ही फोनवर उंच वाटला होता," ती म्हणाली.

"तुम्ही फोटोत प्रामाणिक वाटला नव्हता," मार्लिस म्हणाली, आणि दोघींना थोडं हसू आलं.

साचा जड लोखंडी होता. गोल, दोन पाखांचा, शिंपल्यासारखा मिटणारा. आर्डिसनं तो कांबळ्यात गुंडाळला, प्लास्टिकचे वेढे दिले, दोरीनं बांधला. खोक्याच्या तळाशी फोम, बाजूंना फोम, वर गादीचा तुकडा. मार्लिसनं प्रत्येक थर हातानं दाबून पाहिला. खुसपट काढायला जागा नव्हती.

"ही तिन्ही एकाच घरातली का?" तिनं विचारलं.

"एकाच. उत्तरेकडं एक शेतघर रिकामं करत होते, तिथून आणली. म्हातारा-म्हातारी दोघं गेलेली. भांडी बघा कशी, नवी कोरी!" आर्डिस टेप ओढता ओढता थांबली. "एकच विचित्र होतं. त्या घरात झाकण असलेली प्रत्येक वस्तू तारेनं बांधलेली होती. किटली, भांडं, हा साचा. साखरेचा डबासुद्धा. जाड तार, पक्कडीनं पिळलेली."

"मग?"

"मग काय, कापून टाकली. फोटोत वाईट दिसते ना तार."

दोघींनी मिळून खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि मार्लिसनं त्याला माणसासारखा पट्टा लावला. आर्डिसनं तिच्या हातात वाटेसाठी चीजची पिशवी दिली. "पोहोचलात की फोन करा," ती म्हणाली. ती गॅरेजात परत गेली नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावरच उभी होती.

पहिली काही मैलं काहीच झालं नाही. ऊन चांगलं होतं. रेडिओवर मक्याचे भाव सांगत होते. मग बातम्या संपल्या आणि मधल्या शांततेत मार्लिसला तो आवाज आला. बारीक, ओलसर. गोठ्यात गाय रवंथ करते तसा.

तिनं रेडिओ मोठा केला.

पुलाच्या अलीकडे, नदी बघायला गाड्या थांबतात तिथं तिनं गाडी बाजूला घेतली. दोन म्हातारे दुर्बिणीतून हंस बघत होते. माणसं जवळ होती म्हणून तिला धीर आला. तिनं पट्टा सोडला आणि खोकं उचललं.

मघाशी ते दोघींनी मिळून गाडीत ठेवलं होतं. आता ते तिला एकटीला उचललं.

आवाज थांबला होता. खोकं हातात असताना, पुठ्ठ्यातून, तिच्या तळव्यांना ऊब लागत होती.

तिनं ते गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि भर उन्हात टेप कापली. सकाळी तिनं स्वतः दाबून पाहिलेला गादीचा तुकडा नव्हता. फोम नव्हता. कांबळं, प्लास्टिक, दोरी, काही नव्हतं. स्वच्छ खोक्यात साचा आ वासून पडला होता. बोटाएवढ्या जाडीची बिजागरी मोडली होती. तिचं लोखंड बाहेरच्या बाजूला वळलं होतं.

साच्यात काहीच नव्हतं.

गाडीच्या काचा सगळ्या मिटलेल्या होत्या. दरवाजा तिनं आत्ता उघडला होता.

"काही मोडलं का बाई?" दुर्बीणवाल्यांपैकी एकानं विचारलं.

मार्लिसनं खोकं, साचा सगळं तिथल्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. मग गाडीच्या सीटखाली, मागं, डिकीत पाहिलं. पुन्हा पाहिलं. म्हाताऱ्यांनी आपसात काही कुजबुज केली. तिनं चारी काचा खाली केल्या आणि थंडीत तशीच कुडकुडत घर गाठलं.

ऑरिन टेबलाशी बसला होता. त्याच्यासमोर फ्रीज रिकामा करून ठेवला होता. रविवारचं भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, अख्खी पावाची लादी, लोण्याची वडी, डेलियाशेजारून काढलेले कच्चे बीट. तो शांतपणे खात होता. पट्ट्याला त्यानं सुरीनं नवं भोक पाडलं होतं, तरी पँट कमरेवर गोळा झाली होती.

किटली बाजूला होती. झाकण उघडं.

"ऑरिन, पुरे कर."

"भूक लागलीय गं." तो हसला. "आणि इथं जरा दुखतंय." त्यानं डावी कूस दाखवली.

"पडलास का कुठं?"

"मी खुर्चीवरून उठलोच नाही."

तिनं सदरा वर केला. कातडीवर काळंनिळं काही नव्हतं. बरगड्या मात्र एकेक मोजता येत होत्या. गेल्या महिन्यात याच अंगाला ढेरी होती आणि ती तिला चिडवायला पुरायची. तिनं त्याला कोट घातला, गाडीत बसवला आणि इस्पितळात नेलं.

नर्सनं त्याला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला, काट्याला टिचकी मारली आणि पुन्हा उभं केलं. गेल्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहताना तिचा चेहरा उतरला. मार्लिसला नोंद बघायची गरज नव्हती.

क्ष-किरणाचा फोटो काढला. तरुण डॉक्टर तो पडद्यावर बराच वेळ बघत राहिला.

"बरगडी मोडलीय," तो म्हणाला. "जोराचा खोकला झाला होता का?"

"नाही."

"मार लागला की हाड आत दबतं. इथं टोकं..." तो थांबला. "जरा विचित्र कोन आलाय फोटोचा. पुन्हा काढू."

मार्लिसनं पडद्याकडं पाहिलं. कोन विचित्र नव्हता; हाडाची टोकं बाहेरच्या बाजूला वळली होती. उभी हयात तिनं हेच केलं होतं.

दुसरा फोटो आला. कोन बदलला होता. आता दोन बरगड्या मोडलेल्या होत्या.

डॉक्टरनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मग त्यानं पडदा हळूच भिंतीकडं वळवला आणि बाहेर जाऊन कुणाला तरी बोलावू लागला. बोलावताना तो नाव घेत नव्हता. नुसता "या, लवकर या," म्हणत होता.

मार्लिस खुर्चीत बसून राहिली. हिरव्या पडद्यापलीकडे नर्स ऑरिनच्या छातीला पट्टा आवळत होती, हलू नका, थोडंच दुखेल, असं समजावत होती.

"जरा सैल करा हो बाई," पलीकडून तो म्हणाला. आवाज ऑरिनचाच होता, समजूतदार, जवळजवळ लाघवी. "आत अडचण होतेय."