नीलप्रभेचा डावा डोळा

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी दुपारची गाडी बरीचशी रिकामी होती. खिडकीशी बसून रश्मी बाहेर सरकणारं काळं रान बघत होती. काम अगदी साधं होतं. अकोल्याच्या पुंजाजींकडून एक कोडं आणायचं होतं.

कोडं आणायला गाडीनं कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. पण मग तुम्ही नीलप्रभा रसिक मंडळातले नाही. नीलप्रभा म्हणजे काळ्या-पांढऱ्या सिनेमांतली ती नटी, जिच्यापायी अमरावतीतल्या एका अख्ख्या पिढीनं शाळा बुडवल्या. ती कधीच वारली. टॉकीज पडल्या, त्यांच्या जागी मंगल कार्यालयं आली. मंडळ मात्र टिकलं आणि टिकलं ते कोड्यांवर. कोणत्या सिनेमात तिनं घागर डाव्या कडेवर घेतली? कोणत्या गाण्यात तिच्या एकाच कानात डूल आहे? असल्या प्रश्नांवरून चांगली नातवंडंवाली माणसं महिनामहिना अबोला धरत. रश्मीची आई, शालूबाई, या सगळ्यांची उस्ताद. तिला कोणी हरवलेलं रश्मीनं कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीपासून आई विसरत चालली होती. आधी गॅस बंद करायला विसरली, मग घराची गल्ली, मग शेजारीण. आणि उन्हाळ्यात एका सकाळी रश्मीनं चहा पुढे केला, तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाली, "बसा न बाई. कोनाकडे आल्या तुमी?"

तेव्हाचं आईचं हसू रश्मीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ओशाळं, सभ्य, परक्या माणसासाठी ठेवणीतलं. आईनं चिडून हाकललं असतं तरी रश्मीला एवढं लागलं नसतं.

फक्त नीलप्रभेचं कोडं घातलं की आई जागी व्हायची. उत्तर बिनचूक यायचं. मग पुन्हा सगळं मालवायचं. त्या थोड्याशा उजेडात आईला कधीतरी आपणही दिसू, एवढ्या एका आशेवर रश्मी दिवस काढत होती. आईच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

पुंजाजी एके काळी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. आता नीलप्रभेचे जुने फोटो पातळ फळीवर चिकटवायचे आणि बारीक करवतीनं त्यांचे वेडेवाकडे तुकडे कापून जुळवायची चित्रकोडी करायचे. त्यांनी तुकड्यांची पिशवी रश्मीच्या हाती दिली आणि रुमालात गुंडाळलेला एक तुकडा वेगळा दिला.

"डावा डोळा हाय. रीत मालूम हाय न?"

"हाव काका. डोळा बसवायच्या आंधी तिले कोडं घालायचं."

ही रीत रश्मी लहानपणापासून बघत आली होती. चित्र सगळं जुळलं की मंडळातलं कोणीतरी डोळ्याचा तुकडा हातात धरायचं, चित्राला एक कोडं घालायचं आणि मगच तुकडा बसवायचा. का, ते कधी कोणी विचारलं नाही. आज तिनं हसत हसत विचारलं, "अन् नाही घातलं तर?"

पुंजाजी हसले नाहीत. "मंग तीच घालते."

"अन् आपल्याले उत्तर नाही आलं तर?"

"आमी कोनी पाह्यलं नाही पोरी..." त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. "तूही नको पाहू."

म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतंच, असं मनाशी म्हणून रश्मीनं पिशवी काखेत घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी फरशीवर बसल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरला होता. पडद्यातून येणारा उजेड पाण्याखालच्यासारखा हिरवट, संथ. आईची बोटं तुकड्यांवरून फिरू लागली. कालचं जेवण न आठवणारी ती बोटं एकदाही चुकली नाहीत. पदर जुळला, हनुवटी जुळली, मिटलेले ओठ जुळले. नीलप्रभा एका खिडकीपाशी उभी होती. हसत नव्हती, नुसती समोर बघत होती, उजव्या डोळ्यानं. डाव्या डोळ्याच्या जागी फरशी दिसत होती.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

आईनं मान वर केली. तिच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात तिळाएवढा तपकिरी डाग होता, जन्मापासूनचा. लहानपणी रश्मी त्यावर बोट ठेवायला धडपडायची. आज त्या डोळ्यानं तिला शोधलं, आणि शोधून काढलं.

"रश्मे," आई म्हणाली. "कावून रडून राहिली वो? डोळा बसव न तिचा."

रश्मीचं भान हरपलं. कोणाचंही हरपलं असतं. डोळे पुसत, हसत, तिनं रुमालाची गाठ सोडली आणि तुकडा बसवला. टक्‌ असा आवाज झाला. आणि मग तिला आठवलं.

कोडं घालायचं राहिलं होतं.

खोलीत कुठूनतरी घरघर सुरू झाली. तिनं कूलरकडे पाहिलं. त्याचं पातं हलत नव्हतं. विडीचा धूर, शेंगांची टरफलं, कोणाच्यातरी वेणीतला शिळा मोगरा... असा वास हळूहळू खोलीत उतरला. लहानपणी आईच्या मांडीवर बसून, अंधाऱ्या टॉकीजमध्ये घेतलेला वास. भीती वाटायला हवी होती, पण रश्मीला गोड गुंगी येत होती.

"सांग पाहू..." आई म्हणाली. आवाज आईचाच होता. पण शब्द कसे एकेक घासूनपुसून येत होते, जुन्या सिनेमातल्यासारखे. "स्वतःच्या लेकीला मी कुठं ओळखलं नाही?"

रश्मीनं सगळे सिनेमे मनातल्या मनात धुंडाळले. नीलप्रभा कुठं बहीण होती, कुठं विरहिणी, कुठं राणी. आई ती कधीच झाली नव्हती.

"असा सिनेमाच नाही..." रश्मी पुटपुटली. "मले नाही येत."

"हरलीस?"

"...हरली."

"मग दाखवते."

घरघर थांबली. लाइट आली, कूलर पुन्हा फिरू लागला, वाळ्याचा ओला झोत तोंडावर आला. आई पदर सावरत उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. साखरेचा डबा कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. गॅस पेटवून झाल्यावर तिनं लायटर जागेवर ठेवला. रश्मी दारातून बघत राहिली. तिचं मन आनंदानं इतकं भरून आलं, की वाटलं पळत जावं आणि पुंजाजींचे पाय धरावे.

"रश्मी बाळ," आईनं वळून विचारलं, "चहात आलं घालू ना?"

बाळ. शालूबाईनं उभ्या जन्मात तिला बाळ म्हटलं नव्हतं. पोरी म्हणायची, रश्मे म्हणायची, चिडली तर याहून वाईट. रश्मीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. डाव्या डोळ्याचं पांढरं अगदी स्वच्छ होतं. त्यात काहीच नव्हतं.

ती मागे मागे सरकत खोलीत आली. चित्र फरशीवर तसंच होतं. खिडकी, पदर, हनुवटी. डाव्या डोळ्यात एक बारीक तपकिरी डाग. आणि मघाशी मिटलेले ओठ आता थोडेसे विलगले होते. ते हसू रश्मीनं लगेच ओळखलं. ओशाळं, सभ्य... दारात आलेल्या अनोळखी बाईला बसा म्हणणारं.

तिनं गुडघे टेकले आणि तुकड्याच्या कडेत नख घातलं. जरासं उचकटलं की निघणार होता.

"रश्मी," आतून हाक आली. किती मायेची हाक! "ये ना, चहा निवतोय. रश्मी?"

नख तिथंच थांबलं. आत कोणीतरी तिचं नाव घेत होतं. इथं जी होती, तिला ते ठाऊकही नव्हतं.

रश्मीनं हळूच हात मागे घेतला. चित्रातल्या डोळ्याला लागलेलं बोटाचं टोक ओलं झालं होतं. तिनं ते नकळत ओठांना लावलं. खारट लागलं.