उठून उभं राहताना

ताईंच्या औषधाच्या दुकानाचं नाव झालं ते पुड्यांमुळे. म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांच्या स्ट्रिपा फोडता येत नाहीत, बारीक अक्षर वाचता येत नाही, आणि सकाळची गोळी कुठली नि संध्याकाळची कुठली हा घोळ तर पाचवीलाच पुजलेला. म्हणून ताई काउंटरवरच सगळ्या गोळ्या स्ट्रिपांमधून काढत, पांढऱ्या कागदाच्या चौकोनावर ठेवत, घडी घालत आणि वर नुसतं 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' लिहीत. आठवड्याच्या चौदा पुड्या. रिकाम्या स्ट्रिपा टोपलीत. मग गोळ्यांना नावं उरत नसत, पण गिऱ्हाइकांना नावांशी कर्तव्य नव्हतं. ती बसचे दोन थांबे ओलांडून ताईंकडे येत आणि दुसऱ्या दुकानांना नावं ठेवत.

दुकानाच्या वरच दोन खोल्यांचं घर होतं. गेल्या वर्षापासून तिथे त्यांचे थोरले भाऊ राहायला आले होते. दादांनी सगळी नोकरी दूरच्या एका शहरात, नकाशे काढण्याच्या कचेरीत केली. वहिनी गेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा ताईंनी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. ताईंचं दुसरं कुणी नव्हतं. दादा आल्यापासून घरात कुणीतरी आपल्यावर वैतागतंय याचंच त्यांना इतकं सुख वाटे की त्यांच्या तक्रारी त्या मुद्दाम लांबवत.

दादांची मुख्य तक्रार एकच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणत होते, आधी ब्लडप्रेशर खाली आणा, मग ऑपरेशन. आणि प्रेशर काही खाली येत नव्हतं. दादांच्या पुड्या अर्थात ताईच बांधत. घरच्या जुन्या डॉक्टरांनी दिलेली एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी.

"तुझे डॉक्टर म्हणजे गोगलगाय," दादा म्हणत. "त्यांच्या वेगानं गेलो तर मला आंधळ्यालाच वर पोचवशील."

"घाई कसली आहे? रांगोळी काढायचीय की शिकार करायचीय?" ताई म्हणत आणि जिना उतरून खाली जात.

तो गुरुवार होता. दुपारी जेवायला ताई वर आल्या तेव्हा दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांना पाहून ते उठले, आणि उठता उठता टेबलाची कड धरून तसेच उभे राहिले. डोळे उघडे होते. चार-पाच सेकंद गेले असतील. मग त्यांनी मान हलवली.

"काय झालं?"

"काही नाही गं. एका खोलीत गेलो होतो."

ताई हसल्या. दादांचा स्वभावच तसा. पण जेवताना ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "लांबट खोली आहे. उजेड उत्तरेकडून येतो. भिंतीला लागून बाकं. छान गार वाटतं तिथे."

शुक्रवारी ते दोनदा 'जाऊन' आले. शनिवारी चार वेळा. दर वेळी बसल्या जागेवरून उठताना. तक्रार करायची सोडून त्यांचा चेहरा उलट निवांत दिसू लागला होता. बोलणं हळू झालं होतं. पाय फरशीला पुरते टेकत नसल्यासारखे चालत. ताईंनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं. वरचं ब्याण्णव, खालचं चोपन्न, नाडी चव्वेचाळीस. त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. आकडे तेच. आठच दिवसांपूर्वी वरचं एकशे सत्तर होतं.

"दादा, तू काय खातोयस?"

"तू देतेस तेच."

"दुसरं काही?"

"तुझ्या हातचा वरणभात. त्यानं माणूस मरत नाही, नुसता कंटाळतो."

ते ताकास तूर लागू देत नव्हते. ताईंनी खाली जाऊन स्वतःच्याच पुड्या उलगडून पाहिल्या. एकेक गोळी उजेडात धरली. चूक नव्हती. डॉक्टरांना फोन केला, तर ते सोमवारी सकाळी येणार होते. रविवारभर ताईंनी दादांना खुर्चीतून उठू दिलं नाही, निदान त्यांना तसं वाटलं. संध्याकाळी त्या वर आल्या तेव्हा दादांच्या मांडीवर फळी होती आणि फळीवर कागद. भिंग डोळ्याला लावून ते रेघा ओढत होते.

तो त्या खोलीचा नकाशा होता. मोजूनमापून काढलेला. दार पश्चिमेला, खिडक्या तीन, बाकं दोन्ही भिंतींना. बाकांवर छोटी छोटी वर्तुळं.

"ही काय?"

"माणसं. बसलेली असतात. चांगली आहेत. कुणी गडबड करत नाही." दादा भिंग पुसत म्हणाले, "मला वाटलं होतं, डोळ्यामुळे भास होतो. पण भासात खिडक्यांची अंतरं रोज तीच येतील का? मी पावलांनी मोजली."

ताईंनी कागद हातात घेतला. बाकीची वर्तुळं कोरी होती. दारापासून तिसऱ्या वर्तुळाशेजारी दादांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: शिंपी.

"हा कोण?"

"तोच म्हणाला. 'तुमच्या बहिणीच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत माझं मशीन होतं.' अंगभर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. सज्जन माणूस. निरोप दिलाय तुला."

"कसला निरोप?"

"म्हणाला, ताईंना सांगा, त्या दिवशी चिठ्ठ्या दोन होत्या. त्यांना आठवेल."

ताई खाली बसल्या. सहा वर्षं झाली होती. तेव्हा दादा या गावातही नव्हते. शिंपी दोन चिठ्ठ्या घेऊन आला होता, दोन वेगळ्या डॉक्टरांच्या. एकानं प्रेशरसाठी गोळी दिली होती, दुसऱ्यानं धडधडीसाठी. दोन्ही गोळ्यांची कुळं वेगळी, पण काम एकच, हृदयाचे ठोके कमी करणं. एकेकटी गुणाची. दोन्ही एकाच पुडीत आल्या की हृदय दमून जातं. ताईंना हे ठाऊक होतं. ते त्यांच्या मनात आलंही होतं. पण दुकानात गर्दी होती, फोन करायचा म्हणजे दहा मिनिटं जाणार होती, आणि डॉक्टरांना कळत असेलच की, असं म्हणून त्यांनी दोन्ही गोळ्या एका कागदावर ठेवून घडी घातली होती. चौथ्या दिवशी शिंपी मशीनवरून उठला आणि पडला. वय झालं होतं, लोक म्हणाले. ताईही तेच म्हणाल्या. यातलं एक अक्षर त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन चिठ्ठ्या.

"दादा," त्या म्हणाल्या. "तू दुसऱ्या डॉक्टरकडे गेलास?"

दादांनी लहान मुलासारखी नजर चुकवली. मग कंपासपेटी पुढे सरकवली. पेन्सिलींच्या खाली एक स्ट्रिप होती, अर्धी रिकामी. बागेत भेटणाऱ्या कुणा मित्राच्या डॉक्टरांनी दिलेली. पहिल्या डॉक्टरांची गोळी चालू आहे हे दादांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ते 'त्यांच्याकडेच जा' म्हणाले असते. आणि घरात औषधाचं दुकान असून बाहेरून गोळ्या आणल्या म्हणून ताईंना वाईट वाटलं असतं.

"लवकर उतरेल वाटलं गं. मला पुन्हा रेघ नीट दिसायला हवी होती."

ताईंनी स्ट्रिप उलटी करून नाव वाचलं. शिंप्याच्या दुसऱ्या चिठ्ठीवर होतं, तेच. आयुष्य औषधांत गेलं, आणि स्वतःच्या दिव्याखालीच अंधार. त्या रडल्या, दादांना भरपूर बोलल्या, आणि सोमवारची वाट न पाहता गाडी बोलावून त्यांना रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथे दादा दोन दिवस राहिले. दुसरी गोळी बंद झाली, पहिली कशी आणि किती घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. नाडी साठावर आली. बुधवारी दादा स्वतःच्या पायांनी जिना चढले आणि चहा पांचट झाल्याची तक्रार केली. ती ऐकून ताईंना कुणीतरी जडशीळ ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

नकाशा त्यांनी घडी करून कपाटाच्या तळाशी टाकला. त्या कोऱ्या वर्तुळांबद्दल एकदा विचारावं, असं रोज मनात येई. एकदा सगळी जुनी गिऱ्हाइकं आठवून पाहावीत, हेही येई. पण विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्यांना भीती वाटत होती. उद्या बघू, असं म्हणत त्या पुड्या बांधत राहिल्या. नव्या चिठ्ठीबरोबर मात्र आता त्या प्रत्येकाला विचारत, आणखी कुणाच्या गोळ्या चालू आहेत का. तेवढं तर आपण करतोच आहोत, असं त्या स्वतःला समजावत.

पुढच्या मंगळवारी दुपारी दादा जेवून उठले. टेबल न धरता, सरळ.

"गेलास का रे कुठे?" ताईंनी हसत विचारलं.

"छे. आता नाही जाता येत." दादांचा सूर थोडा उदासच होता. "तरी बरं, नकाशा पुरा झाला. एकच राहिलं त्यात. मी शेवटच्या वेळी निघालो तेव्हा एक बाई दाराशी आल्या होत्या. आत आल्या नव्हत्या पुरत्या, म्हणून काढल्या नाहीत."

ताईंनी ताट बाजूला सारलं.

"कशा होत्या?"

"उंच. चष्मा दोरीनं गळ्यात. हातात पुस्तक, आणि पान चुकू नये म्हणून आत बोट घातलेलं."

वाचनालयवाल्या बाई. एकट्या राहायच्या. महिनाअखेरीला येऊन चार आठवड्यांच्या पुड्या एकदम नेत. प्रेशरची गोळी वर्षानुवर्षांची. आणि यंदा डोकेदुखीवाल्या डॉक्टरांनी एक नवी दिली होती, डोकं दुखू नये म्हणून रोज घ्यायची. डोकेदुखीची, म्हणून ताईंनी तिच्याकडे त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. तीही ठोके कमी करणारीच होती.

ताईंनी स्वतः दोन्ही एका कागदावर ठेवल्या होत्या. दादा आजारी पडण्याच्या आधीच्या आठवड्यात.

त्या हात न धुताच जिना उतरल्या. वहीत नंबर सापडला. घंटा वाजत राहिली. पाच, सहा, सात.

"हॅलो?"

"बाई! मी औषधाच्या दुकानातली ताई. बऱ्या आहात ना?"

"अगंबाई, ताई! बरं झालं फोन केलात. सकाळपासून खुर्चीत गुंगल्यासारखी पडून होते. हा मेला फोन पॅसेजमध्ये. घंटा ऐकून ताडकन उठले नि धावत आले."

"बाई, खाली बसा. आहात तिथेच, जमिनीवर बसा आधी."

"जमिनीवर?" बाई हसल्या. "अहो, इथे तर..."

त्या थांबल्या.

"बाई?"

"काय छान गार आहे हो इथे," बाई म्हणाल्या. आवाज लांबून आल्यासारखा.

रिसीव्हर सुटला असावा. तो भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. टक. टक. मग काहीच नाही.

ताई ओरडत राहिल्या. दादा जिन्यात येऊन उभे राहिले होते.

पलीकडे कुणीतरी रिसीव्हर हळूच उचलला. पुरुषाचा आवाज होता, शांत, अदबीचा.

"बसवलं हं ताई त्यांना."