शून्य उशिराचं कीर्तन

कुंडलच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला दुपारी चार वाजता कीर्तन उभं राहतं, आणि एकतीस वर्षं ते हरिबाबुवांनीच उभं केलं होतं. लग्नसराई असो, ऊसतोड असो, चारच्या ठोक्याला बुवा फेटा बांधून गादीवर हजर. यंदा मुलीकडं फलटणला गेले असताना न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा गावाला हाडाच्या आधी नेमाची काळजी पडली. बुवांनाही तीच.

"जया, एकादशी अकरा दिवसांवर हाय," ते फोनवर मुलाला म्हणाले. "शरीर हितं ऱ्हाऊ दे. आवाज तेवढा घेऊन जा."

जयराजला हे काम अंगावर मूठभर मांस चढवणारं होतं. सैन्यात सिग्नल कोरमध्ये बावीस वर्षं त्यानं हेच केलं होतं; बर्फातून, दरीतून माणसांचे आवाज नेऊन पोहोचवले होते. मंदिरात काकड्यासाठी पुण्याच्या मंडळींनी दिलेले सहा स्मार्ट स्पीकर होतेच. गावात त्यांना बोलके डबे म्हणत. फलटणला संयोगिताआक्काच्या घरी कॉम्प्युटर होता. बुवांच्या खाटेजवळ तो ठेवायचा, इकडं मंदिरातल्या कॉम्प्युटरवर आवाज घ्यायचा आणि डब्यांतून वाजवायचा. दोन्हीकडचं दोन्हीकडं ऐकू येणार. यात अवघड काय?

अवघड काय ते पहिल्याच दिवशी कळलं. कीर्तनात बुवा ओळ अर्ध्यावर सोडतात आणि मागचे टाळकरी ती अलगद झेलतात. पुरणपोळी तव्यावर पडावी तसा तो झेल पडला पाहिजे. इथं बुवांची ओळ डब्यातून उशिरा यायची, टाळकऱ्यांनी धरलेलं धृपद फलटणला आणखी उशिरा पोहोचायचं, आणि बुवा अडखळून थांबायचे.

टाळकऱ्यांतले सर्वांत जुने बिरदेवतात्या टाळ खाली ठेवून म्हणाले, "गड्या, बुवा पलूसला उतरलं, आन् आमी अजून मागल्याच यष्टीत."

सगळे हसले. जयराजही हसला, पण त्याला ते लागलं.

मग तो मंदिरातच बसू लागला. सहाही डबे एकसाथ वाजावेत म्हणून एकमेकांसाठी थांबतात, हे त्याच्या ध्यानात आलं; त्यानं त्यांची जोडणी तोडली. हवेतून जाणारा आवाज बंद करून प्रत्येक डब्याला कॉम्प्युटरपासून वायर ओढली. मोजमाप साधं होतं. इथं टाळ एकदा वाजवायचा. तो आवाज फलटणला जाऊन परत यायचा. पडद्यावर दोन रेघा उमटायच्या, हाताची आणि परतीची. मधलं अंतर म्हणजे उशीर. सेकंदाचे हजार तुकडे केले तर पहिल्या दिवशी सहाशे तुकडे होता. तिसऱ्या दिवशी नव्वद. पाचव्या दिवशी चाळीस, आणि चाळिसात टाळकरी खूश झाले.

जयराज थांबला नाही. सहाव्या दिवशी दोन रेघा एकावर एक आल्या.

शून्य.

बिरदेवतात्यांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला. "बुवांचं पोरगं शोभतोस!" चहाच्या टपरीवर, सोसायटीत, सगळीकडं त्याचंच नाव. छाती पुढं काढून चालावं असे ते दोन दिवस गेले. फक्त एक गोष्ट त्याला टोचत होती. जबलपूरला शिकवणारे सुभेदार म्हणायचे, आवाजाला अंतर कापायला वेळ लागतोच. शून्य दिसलं तर समजा, मीटर खोटं बोलतंय.

आठव्या दिवशी त्यानं सवयीनं टाळ वाजवला आणि पडद्याकडं पाहिलं.

परतीची रेघ आधी होती. हाताची नंतर.

त्यानं वायर बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा टाळ उचलला आणि या खेपेला मुद्दाम कान दिला. टाळ अजून दोन हातांत वेगवेगळे होते, तेवढ्यात डब्यातून किणकिण झाली. मग त्याचे हात जुळले. न जुळवावेत असं त्याच्या मनात आलं होतं, पण ते जुळले.

दहाव्या दिवशी डब्यातून बुवांचा आवाज आला, "संयोगिता, पंखा बारीक कर." जयराजनं काही कामासाठी आक्काला फोन लावला. तीन-चार मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग फोनमधून, तिच्या पाठीमागून, तेच शब्द त्याच सुरात ऐकू आले.

"आले हां आबा," ती म्हणाली.

जयराजनं हे कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? अख्ख्या गावानं ज्या शून्यासाठी पाठ थोपटली, ते शून्य उरलंच नाही म्हणून? उद्या कीर्तन होतं. आवाज स्वच्छ येत होता. त्यानं पडद्यावरचं मोजमाप बंद केलं आणि टाळकऱ्यांना म्हणाला, "सगळं ओके हाय."

एकादशीला मंदिर भरलं. मधला डबा गादीवर ठेवला, त्याला हार घातला, पुढं चिपळ्या ठेवल्या. वीणेकरी उभे राहिले. चारला दोन मिनिटं कमी असताना डब्यातून "रामकृष्णहरी" आलं आणि सगळ्या मंदिरानं हात जोडले.

तसं कीर्तन कुंडलनं ऐकलं नव्हतं. बुवा ओळ सोडायचे, टाळकरी झेलायचे, मध्ये केसाएवढी फट नाही. बायका डोळे पुसत होत्या. अर्ध्याच्या सुमारास बुवांनी दम घ्यायला पाणी मागितलं, भांडं पडल्याचा आवाज झाला, पखवाजाची दोन आवर्तनं नुसतीच गेली. मग बुवा पुन्हा उभे राहिले. उभेच राहिले असं वाटलं, आवाज इतका मोकळा होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा. भिंतीला टेकून जयराज रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

साडेपाचला गजर संपला. लोक डब्याला डोकं टेकून नमस्कार करू लागले. जयराज मंदिरामागं गेला आणि बंद ठेवलेला फोन त्यानं चालू केला. आक्काचे चौदा फोन येऊन गेले होते.

"आरं कुठं हायस तू?" ती रडकुंडीला आली होती. "तीन वाजल्यापासनं गल्लीत लाईट न्हाई! कॉम्प्युटर बंद. आबांनी फराळबी सोडलाय. फेटा बांधून बसलेत नुसते. आता तरी फोनवरनं ऐकव म्हणत्यात."

जयराजला मागं आत चाललेला लोकांचा गलका ऐकू येत होता. शेंगदाण्याचे लाडू वाटले जात होते.

"जया," आबांचा आवाज आला. "लोक थांबलेत न्हवं रं?"

"थांबलेत, आबा."

"मग रामकृष्णहरी."

तोच अभंग. तेच दृष्टांत, त्याच जागेवर तीच थट्टा. बुवांनी ओळ अर्ध्यावर सोडली. धरायला कुणी नव्हतं. जयराजनं फोन तोंडाशी धरून ती हलक्या आवाजात धरली.

"बाकीची कुठं हायत?"

"हायत, आबा. फोन माझ्याजवळ हाय."

बुवा खूश होऊन पुढं गेले. बाप आणि मुलगा, मंदिराच्या मागच्या भिंतीशी आणि फलटणच्या खाटेवर, असं कीर्तन दोघांनी ओढलं. जयराजला पुढची प्रत्येक ओळ ठाऊक होती. आता बुवा पाणी मागणार, हेही. भांडं पडणार, हेही. त्याला भीती वाटली नाही. पडू दे, भांड्यानंतर तर खरं कीर्तन होतं, तो मोकळा आवाज होता. उलट तो वाट बघत होता.

"संयोगिता, पाणी दे गं."

भांडं पडलं.

जयराजनं मनात दोन आवर्तनं मोजली.

तिसरं मोजलं.

"आबा?" फोनमध्ये आक्का म्हणाली. मग मोठ्यानं. मग शेजाऱ्यांना हाका मारत.

फलटणला निघण्याआधी तो मंदिरात आला. बिरदेवतात्या एकटेच टाळांना कापड गुंडाळत होते. त्यांना सांगितलं. ते खाली बसले. टाळ मांडीवर घेऊन म्हणाले, "नेम पुरा करून गेलं रं. एकतीस वर्षांत एक एकादशी सोडली न्हाई माझ्या बुवांनी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती.

"व्हय तात्या," जयराज म्हणाला. त्याचीही मान ताठ झाली. ते खरंच होतं. नेम मोडला नव्हता, सगळ्या गावानं ऐकला होता.

कॉम्प्युटर बंद करायला तो वाकला. कीर्तनाचं रेकॉर्डिंग पडद्यावर तसंच उघडं होतं. भांडं पडेपर्यंत बुवांच्या प्रत्येक ओळीआधी एक लहानसा उंचवटा होता, श्वास आत घेतल्याचा. त्यानं बोटानं पुढं सरकवलं. पुढं सत्तेचाळीस मिनिटं बुवा गात होते, आणि दोन ओळींच्या मधली रेघ प्रत्येक ठिकाणी सपाट होती.