समासातला शेरा

एकोणीसशे अडुसष्ट साली, निवृत्त जनरलसाहेबांनी राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहावं की नाही, यावरून अख्खा देश भांडत होता. मी मात्र एकाच माणसाशी भांडत होते.

मी एका साप्ताहिकात प्रूफं तपासत असे. समोर बसून मूळ मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या बाईंना कांजिण्या झाल्या आणि संपादकांनी त्यांच्या खुर्चीत नवा उपसंपादक आणून बसवला. प्रत्येक वाक्याला पदरचं काहीतरी जोडायची त्याला खोड. दोन दिवसांत छापखान्यानं त्याचं नाव ‘पुरवणी’ ठेवलं.

“‘जनरलसाहेबांनी सीमेवर शिस्त आणली’, पूर्णविराम. राजधानीतही आणतील, बघाच तुम्ही.”

“हे शेवटचं लिहिलंय?”

“नाही, ते माझं.”

“अहो, तुमचं घरी ठेवून येत जा ना! आणि राज्य म्हणजे पलटण नव्हे. मंत्री ‘नाही’ म्हणाला, तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावणार?”

“काहींच्या पोटाकडे बघता... वीस.”

हसू दाबताना माझ्या टाकातून शाई सांडली. त्यानं टीपकागद सरकवला, बोटाला बोट लागलं... आणि दोघंही घाईघाईनं जनरलसाहेबांकडे वळलो.

एका बुधवारी अग्रलेख वाचताना त्यानं इतकं पिडलं, की मी समासात खरडलं — ‘हुकूम देणाऱ्याला ऐकायची सवय नसते. तुमच्यासारखीच!’ — आणि प्रूफ त्याच्यापुढे ढकललं. मला वाटलं, तो ते खोडेल. त्याला वाटलं, मी खोडेन. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या काकांनी प्रूफ उचलून नेलं. समासातलं मुकाट्यानं मजकुरात घालायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता.

शुक्रवारी अंक निघाला. अग्रलेखाच्या शेवटी माझा शेरा, ‘तुमच्यासारखीच!’सकट.

घरात कमावती मी एकटी. संपादकांचा जिना चढले, तर पुरवणी खाली येत होता.

“मिटलं. शेरा माझा म्हणून सांगितलं. राजीनामा दिला.”

आभार मानायचे सोडून मी भडकलेच. “मला विचारलंत?”

“वेळ कुठे होता? तुमची नोकरी —”

“माझी नोकरी, माझा शेरा, आणि निर्णय परस्पर तुमचा! जनरलसाहेब परवडले!”

आत जाऊन मी खरं सांगून टाकलं. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, चार वर्षं बघतोय, तुमचं अक्षर ओळखत नाही होय मी? तो राजीनामा फाडा, आणि दोघं बसून दिलगिरी लिहा.”

दोन ओळींची दिलगिरी. भांडत भांडत दुपार गेली. शेवटी त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं — ‘जन्मभर समोर बसून वाचू का? या वेळी विचारतोय.’

काका दारात येऊन उभेच होते. मी खाली लिहिलं, ‘चालेल. पण लिहिलंय तेवढंच.’ आणि कात्रीनं तो समास कापून ब्लाउजमध्ये ठेवला.

जनरलसाहेब उभे राहिलेच नाहीत. त्यांनी मधमाश्या पाळल्या. कांजिण्यांच्या बाई बऱ्या होऊन आल्या आणि खुर्ची गेली म्हणून महिनाभर रुसल्या. काकांनी आमची लग्नपत्रिका जुळवली, एकही चूक न करता. संपादक जाऊनही आता वीस वर्षं झाली.

आणि पुरवणी? हे आत्ता तोच मला वाचून दाखवतोय.

“‘...त्यांनी मधमाश्या पाळल्या’, पूर्णविराम. उभे राहिले असते, तर निवडून आले असते.”

“हे लिहिलंय?”

“नाही, ते माझं.”